काम तेवढेच, तरी हलके कसे? साध्या यंत्रांविषयी एक शंका

आडवी_फळी (धागाकर्ता)

अवजारांनी भरलेली एक लोखंडी पेटी गेल्या आठवड्यात जमिनीवरून एक मीटर उंचीच्या ओट्यावर चढवायची होती. पेटीचे वजन १०० किलो होते. आम्ही दोघांनी ती उचलून पाहिली, परंतु गुडघ्याच्या वर काही ती गेली नाही. शेवटी चार मीटर लांबीची एक जाड फळी ओट्याला तिरकी लावली आणि पेटी तिच्यावरून ढकलत वर नेली. पेटी चढली, कोणाची कंबरही धरली नाही, आणि मी आठवीत शिकणाऱ्या भाचीला मोठ्या रुबाबात सांगितले की यालाच उतरण म्हणतात आणि हे एक साधे यंत्र आहे.

भाचीने त्यावर जे विचारले, त्यासाठी हा धागा काढत आहे. ती म्हणाली, "मामा, पुस्तकात तर लिहिले आहे की बल कमी लागले तर अंतर वाढते आणि कार्य तेवढेच राहते. कार्य तेवढेच असेल तर दमायलाही तेवढेच व्हायला हवे. मग फळीने नेमके केले काय?" मी कागदावर गणित मांडले. १०० किलो एक मीटर उचलण्यासाठी ९८० ज्यूल कार्य करावे लागते. फळी चार मीटरची असल्यामुळे बल चौपटीने कमी होऊन सुमारे २४५ न्यूटन, म्हणजे २५ किलो वजन पेलण्याइतके राहते, आणि २४५ गुणिले चार पुन्हा ९८०. गणित जुळले, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर काही त्यात सापडले नाही.

माझी स्वतःची शंका वेगळीच आहे. २५ किलोइतके बल पुरत असेल, तर ते मी एकट्याने सहज लावले असते. प्रत्यक्षात आम्हा दोघांनाही जोर लावावा लागला आणि चांगलाच घाम फुटला. तेव्हा गणित चुकले की फळी चुकली, हे जाणकारांनी सांगावे.

मोजपट्टी

गणित चुकलेले नाही, अपुरे आहे. तुम्ही घर्षण धरलेले नाही. पेटीचा तळ आणि फळी यांच्यातील घर्षणगुणांक ०.३ मानू, कोरड्या, खरखरीत लाकडासाठी हा अंदाज फारसा चुकीचा ठरू नये. उतारावर दोन गोष्टींशी झगडावे लागते. वजनाचा जो भाग उताराच्या दिशेने खाली खेचतो तो तुमच्या फळीवर ०.२५ पट आहे, हे तुम्ही बरोबर काढले आहे. परंतु वजनाचा दुसरा भाग फळीवर काटकोनात दाबतो, तो इथे सुमारे ०.९७ पट आहे, आणि त्याच्या ०.३ पट घर्षण आडवे येते. दोन्हींची बेरीज सुमारे ०.५४ होते. म्हणजे लागणारे बल २४५ नव्हे तर जवळजवळ ५३० न्यूटन, किंवा ५४ किलो वजन पेलण्याइतके. दोघांत वाटले तरी प्रत्येकी २७ किलो, तेही वाकून ढकलताना. घाम फुटणारच.

चार मीटर अंतरावर ५३० न्यूटन म्हणजे २१२० ज्यूल. त्यापैकी ९८० पेटी उंच करण्यात गेले आणि उरलेल्यांनी फळी व पेटीचा तळ किंचित गरम केला. कार्यक्षमता ४६ टक्के. तेव्हा "कार्य तेवढेच राहते" हे वाक्य पुस्तकातील आदर्श यंत्रापुरते खरे आहे. खऱ्या यंत्राने तुमच्याकडून दुपटीहून अधिक कार्य करून घेतले आणि तरीही तुम्हाला ते सोपे वाटले! भाचीचा प्रश्न आता आणखी टोकदार झाला आहे, याची मला जाणीव आहे.

एक विचारायचे होते. मध्येच थांबून तुम्ही हात सोडले होते का? पेटी मागे घसरली का?

आडवी_फळी

दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा तर पाणी पिऊन आलो. पेटी होती तिथेच होती.

घर्षणाचा_मित्र

मोजपट्टी यांनी तो प्रश्न का विचारला हे माझ्या लक्षात आले आणि आनंद झाला, कारण घर्षणाला सर्वजण चोर ठरवून मोकळे होतात आणि तो राखणदारही आहे हे विसरतात.

उतारावर ठेवलेली वस्तू आपोआप घसरू नये यासाठी घर्षणगुणांक हा उताराच्या चढापेक्षा अधिक असावा लागतो. चढ म्हणजे आडव्या अंतराच्या तुलनेत उंची किती वाढली ते. तुमच्या फळीचा चढ ०.२६ आहे आणि घर्षणगुणांक ०.३. म्हणून पेटी थांबली. आता कार्यक्षमतेचे सूत्र पाहा: चढाला, चढ आणि घर्षणगुणांक यांच्या बेरजेने भागायचे. घर्षणगुणांक चढापेक्षा मोठा असेल तर हे उत्तर नेहमीच अर्ध्यापेक्षा कमी येणार. दोन्ही गोष्टी एकाच अटीतून निघतात. जी उतरण भार सोडल्यावर जागच्या जागी धरून ठेवते, तिची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही, धरून ठेवण्याची ती किंमत आहे.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे गाडी उचलायचा स्क्रू-जॅक. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच. दांडीची लांबी २० सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात हात सुमारे १२६ सेंटिमीटर फिरतो, आणि आट्यांमधील अंतर ५ मिलिमीटर असेल तर गाडी तेवढ्यात केवळ अर्धा सेंटिमीटर उचलली जाते. कागदावर यांत्रिक फायदा, म्हणजे लावलेल्या बलाच्या किती पट भार हलतो तो आकडा, २५० च्या आसपास आला. एक टन भार असेल तर चार किलो वजनाइतके बल पुरावे. आट्यांमधील घर्षणामुळे कार्यक्षमता समजा २५ टक्केच उरली, तर १६ किलोइतके बल लागेल, आणि तेही एका हाताच्या आवाक्यातले आहे. २० सेंटिमीटर उचलायला ४० फेरे, म्हणजे हाताचा ५० मीटर प्रवास. वाया गेलेल्या त्या ७५ टक्क्यांबद्दल मात्र तक्रार करू नये. त्यांच्याच जोरावर तुम्ही दांडी सोडून चाक बदलायला जाता तेव्हा गाडी खाली येत नाही. आटे अगदी गुळगुळीत, घर्षणरहित केले, तर हात सुटताच दांडी उलटी भिरभिरेल.

(कापडात रुतलेली टाचणी, भिंतीतील खिळा आणि फटीत ठोकलेली पाचर हे तिघेही याच नियमावर टिकून आहेत, पण तो विषय सुरू केला तर मी थांबणार नाही.)

संथ_गती

भाचीचा प्रश्न मागे पडत आहे, आणि माझ्या मते या धाग्यातील खरा प्रश्न तोच आहे. "दमणे" हे ज्यूलमध्ये मोजता येत नाही, हे त्याचे अर्धे उत्तर.

भरलेली बादली हात आडवा ताणून धरून उभे राहा. बादली हलत नाही, म्हणून तिच्यावर तुम्ही केलेले कार्य शून्य. तरीही मिनिटभरात हात थरथरू लागतो. टेबलावर तीच बादली वर्षभर राहिली तरी टेबल दमत नाही. फरक असा की स्नायूला ताण नुसता टिकवून ठेवण्यासाठीसुद्धा आतील तंतूंची पकड पुनःपुन्हा सोडून पुन्हा धरावी लागते आणि प्रत्येक पकडीला ऊर्जा खर्च होते. शिवाय स्नायू आपल्या कमाल ताकदीच्या जितका जवळ काम करतो, तितका तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो आणि त्याला होणारा प्राणवायूचा पुरवठा घटतो. म्हणून थकवा बलाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, टोकाजवळ तो एकदम वर चढतो. एखाद्याला कमाल ६० किलो उचलता येत असेल, तर ५५ किलो एकदा उचलणे त्याला जड जाईल, पण ११ किलो पाच वेळा उचलणे काहीच वाटणार नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही कार्ये समान आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. निरोगी माणूस दिवसभर अंगमेहनत करतो तेव्हा त्याची टिकणारी शक्ती साधारण ७५ वॅट असते. पेटी एका सेकंदात वर फेकल्यासारखी उचलायची म्हटले तर ९८० वॅट लागतील, म्हणजे सुमारे १.३ अश्वशक्ती. फळीवरून तेच कार्य अर्ध्या मिनिटात पसरवले, तर घर्षणाची भर घालूनही ७० वॅटच्या आसपास येते. दोघांत वाटल्यावर ३५.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपले शरीर हीच मुळात तरफांची एक जुडी आहे, आणि त्या तरफा बलाच्या बाबतीत तोट्यात चालणाऱ्या आहेत. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम साडेचार सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला, आणि तळहातातील वजन ३५ सेंटिमीटरवर. म्हणजे तळहातावर पाच किलो धरायचे असतील तर स्नायूला सुमारे ४० किलोइतके ओढावे लागते. कंबरेत तर परिस्थिती याहून वाईट आहे. पाठीचा स्नायू मणक्यापासून पाच सेंटिमीटर आणि वाकून पुढे धरलेले ओझे ४० सेंटिमीटर लांब असेल, तर २० किलोच्या ओझ्यासाठी पाठीला १६० किलोचा ताण सोसावा लागतो, आणि त्यात धडाचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही. या तोट्याच्या बदल्यात आपल्याला वेग मिळाला आहे. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात आठ सेंटिमीटर फिरतो, म्हणून आपण दगड फेकू शकतो. पहार, कप्पी, फळी ही सगळी अवजारे हाडांनी वेगासाठी विकलेले बल परत विकत घेण्याचे काम करतात.

शंकासुर

वरील प्रतिसाद आवडला, तरी "यंत्र म्हणजे बल वाचवणारी वस्तू" हा जो सूर सर्वत्र लागला आहे, त्याला माझा आक्षेप आहे.

सायकल घ्या. पायटाची दांडी १७ सेंटिमीटर, चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर, पुढे ४४ दात आणि मागे १८. पायटाचा एक फेरा पूर्ण होताना पाऊल सुमारे १.०७ मीटर फिरते आणि सायकल ५.२ मीटर पुढे जाते. म्हणजे पायाने लावलेल्या बलाचा जवळजवळ पाचवा हिस्साच चाक जमिनीवर लावते. यांत्रिक फायदा ०.२. शाळेच्या भाषेत हा सरळसरळ यांत्रिक तोटा झाला. तरीही सपाट रस्त्यावर सायकलने जाणे चालण्यापेक्षा किती सोपे आहे, हे कोणालाही विचारा. चिमटा, लांब दांड्याचा झाडू, मासे पकडायची काठी ही सर्व याच जातीची अवजारे आहेत.

तेव्हा सोपे होणे म्हणजे बल कमी होणे, ही व्याख्या टिकत नाही. पेटीपुढे आपला हात दुबळा पडतो, म्हणून तिथे आपण अंतर देऊन बल घेतो. सपाट रस्त्यावर पाय गरजेपेक्षा बलवान आणि गरजेपेक्षा संथ ठरतो, म्हणून तिथे बल देऊन अंतर घेतो. शरीराची एक सोयीची चाल असते, अमुक इतके बल आणि अमुक इतका वेग. काम मात्र स्वतःच्या अटी घेऊन समोर येते. या दोघांमध्ये दुभाष्या हवा असतो आणि यंत्र ते काम करते. चढ लागला की आपण सायकलचा गिअर बदलतो तेव्हा दुसरे काय करतो?

संथ_गती

आक्षेप पूर्णपणे मान्य. माझ्या तिसऱ्या मुद्द्यातील "परत विकत घेणे" हे निम्म्याच अवजारांना लागू पडते.

जुना_मिस्त्री

गणितात माझी फार गती नाही, परंतु वजनी सामान हलवण्यात हयात गेली आहे, म्हणून हाताशी असलेल्या काही गोष्टी नोंदवतो.

धागाकर्त्यांनी पेटी नुसत्या फळीवरून घासत नेली, ही चूक होती. तिच्याखाली तीन नळ्या आडव्या घालायच्या, मागची नळी मोकळी झाली की काढून पुढे सरकवायची. घासणे जाऊन लोळणे आले की मोजपट्टी म्हणतात ते घर्षण नगण्य होते. पण त्यासाठी पेटीमागे पाचर घेऊन एक माणूस उभा असलाच पाहिजे. घर्षणाचा_मित्र यांनी जॅकबद्दल जे लिहिले ते इथेही लागू आहे. नळ्या लावल्या की पेटी थांबवणारे कोणी उरत नाही. तसेच खालून ढकलण्यापेक्षा वरून दोराने ओढावे. पेटी सुटली तर खालचा माणूस तिच्या वाटेत नसावा, एवढे कारण पुरे आहे.

पहारीबद्दल. दीड मीटरची पहार घेऊन टोकापासून १० सेंटिमीटरवर टेकू ठेवला तर हाताकडची बाजू १४० सेंटिमीटर उरते, म्हणजे १४ पट. ३० किलो जोर दिला की ४२० किलोचा दगड हलतो. नवीन माणसे इथे खूश होतात आणि मग विचारतात की दगड वर का येत नाही. कारण हात १४ सेंटिमीटर खाली गेला की दगड एकच सेंटिमीटर उचलला जातो. म्हणून उचलायचे, खाली ठोकळा सरकवायचा, टेकू उंच करायचा, पुन्हा उचलायचे. वजनी सामान उचलण्यातले निम्मे कसब पहारीत नसून ठोकळ्यांत असते. आणि टेकू नेहमी टणक जागी ठेवावा. भुसभुशीत मातीवर ठेवलात तर दगड जागचा हलत नाही, टेकूच जमिनीत जातो, कारण दगडाचे ४२० आणि हाताचे ३० मिळून ४५० किलो त्याच्यावर आलेले असतात.

हाच मुद्दा पुढे नेतो. यंत्र तुमच्यावरचा भार कमी करते म्हणून तो नाहीसा होत नाही, कुठेतरी दुसरीकडे जातो. पान्याला लांब नळी जोडून मी एकदा गंजलेला बोल्ट सोडवायला गेलो. नळीमुळे हाताला काहीच जाणवले नाही आणि बोल्टचे डोके तुटून हातात आले. नुसता पाना असता तर हाताने आधीच इशारा दिला असता. अवजार जितके ताकदवान, तितकी हाताची समज बोथट होते.

एक_वाचक

फार छान चर्चा चालू आहे. कप्पीचा विषय कोणी काढला नाही म्हणून विचारतो. एका स्थिर कप्पीचा यांत्रिक फायदा १ असतो असे वाचले आहे, म्हणजे काहीच फायदा नाही. मग विहिरीवर ती बसवतात कशाला? आणि सहा कप्प्या लावल्या तर वजन सहा पट हलके होईल ना?

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शंकासुरांच्या "दुभाष्या" या शब्दातच आहे. स्थिर कप्पी बल बदलत नाही, दिशा बदलते. वाकून वर खेचताना कंबरेचे स्नायू लागतात. उभे राहून खाली खेचताना आपल्या अंगाचे वजनच मदतीला येते. अंगापेक्षा जड वस्तू मात्र तिने उचलता येत नाही, कारण अशा वेळी वस्तू जमिनीवर राहते आणि आपणच दोराला लटकतो.

बल कमी करायचे तर चल कप्पी हवी, म्हणजे भाराबरोबर स्वतःही वर जाणारी. तिला दोन्ही बाजूंनी दोर आधार देतो, भार दोन पदरांत वाटला जातो, आणि एक मीटर उचलण्यासाठी दोन मीटर दोर ओढावा लागतो. तेव्हा कप्प्या मोजण्यापेक्षा भाराला पेलणारे दोराचे पदर मोजावेत.

सहा पदरांनी सहा पट, हे पुन्हा आदर्श यंत्राचे उत्तर झाले. प्रत्येक कप्पीवरून वळताना दोराचा ताण थोडा घटतो, कारण आस घासतो आणि दोरालाही वाकायला बल लागते. समजा प्रत्येक वळणानंतर ९० टक्के ताण उरतो आणि ओढायचे टोक वरच्या कप्पीवरून खाली येते. मग पहिल्या पदरात ०.९, दुसऱ्यात ०.८१, तिसऱ्यात ०.७३ असे होत चार पदरांची बेरीज चारऐवजी ३.१ भरते, आणि सहा पदरांची सहाऐवजी ४.२. शेवटचे दोन पदर मिळून एका पदराएवढेच काम करतात. त्यासाठी दीडपट दोर ओढायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. कप्प्या चांगल्या, मोठ्या व्यासाच्या आणि वंगण दिलेल्या असतील तर चित्र सुधारते.

शंकासुर

कप्पी निघालीच आहे तर एक कोडे. छताला एक स्थिर कप्पी आहे. तिच्यावरून आलेल्या दोराच्या एका टोकाला आसन बांधले आहे आणि त्यात माणूस बसला आहे; आसनासह वजन ६० किलो. जमिनीवर उभ्या दुसऱ्या माणसाने दोराचे दुसरे टोक ओढून त्याला उचलायचे तर ६० किलो जोर लागेल, हे उघड आहे. आता आसनातल्या माणसाने तेच टोक स्वतः ओढले तर?

जुना_मिस्त्री

तीस. उंच भिंती रंगवणारे याच पद्धतीने स्वतःला वर नेतात. त्या वेळी माणूस दोराच्या दोन्ही पदरांना लटकलेला असतो, एक आसनाचा आणि एक हातातला. जमिनीवरून पाहणाऱ्याला कप्पी स्थिरच दिसते, पण आसनातून पाहाल तर ती तुमच्याकडे येत असते. एक मीटर चढायला दोन मीटर दोर हातातून काढावा लागतो.

छतातल्या आकड्याचा विचारही करावा. माणूस स्वतः ओढतो तेव्हा आकड्यावर ६० किलो येतात. जमिनीवरून दुसऱ्याने ओढले तर ६० भाराचे आणि ६० ओढणाऱ्याचे, एकूण १२०. "साठच किलो उचलायचे आहेत" असे म्हणून आकडा निवडणाऱ्यांना हे ठाऊक असत नाही.

पानाआडून

बराच वेळ नुसता वाचत होतो. इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण भाचीचा प्रश्न फार जुना आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने भार हलवणाऱ्या पाच साधनांची यादी केली: चाक आणि आस, तरफ, कप्पी, पाचर आणि स्क्रू. गंमत अशी की हा सारा धागा जिच्यावरून सुरू झाला ती उतरण या यादीत नाही. बल वाचले की वेळ वाढतो, हे हेरॉनला माहीत होते. त्याच्याही आधी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, अर्किमिडीजने तरफेचा नियम सिद्ध केला होता. उभे राहायला जागा द्या, मी पृथ्वी हलवतो, हे त्याच्या नावावरचे वाक्य सर्वांना ठाऊक आहे. त्याचा हिशेब करून पाहिला. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ वर २४ शून्ये इतके किलो आणि माणूस ६० किलोचा, म्हणजे भुजांचे गुणोत्तर एकावर २३ शून्ये. पृथ्वीएवढे ओझे एक सेंटिमीटर उचलण्यासाठी हाताकडचे टोक एक लाख प्रकाशवर्षांहून अधिक फिरवावे लागेल. आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण तेवढाच आहे. बोलण्यात चूक नव्हती, फक्त वेळेचा उल्लेख राहून गेला होता.

उतरणीचा नियम ज्या युक्तीने सायमन स्टेविनने १५८६ मध्ये सिद्ध केला, ती मला आजही थक्क करते. त्याने एक असमान उतारांचा त्रिकोण कल्पिला, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब, आणि त्याच्यावर सारख्या १४ गोळ्यांची बंद माळ टाकली. लांब उतारावर चार गोळे, आखूड उतारावर दोन, उरलेले आठ खाली लोंबकळणारे. माळ आपोआप फिरू लागली तर ती कायमच फिरत राहील, आणि ते अशक्य आहे. म्हणून ती स्थिर राहणार. खालचा झोल दोन्ही बाजूंना सारखाच ओढतो, तो काढून टाकला तरी फरक पडत नाही. याचा अर्थ लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोन गोळ्यांशी तोल राखतात. ना सूत्र, ना मोजमाप! या चित्रासोबत त्याने जे लिहिले त्याचा आशय असा, की आश्चर्य वाटते खरे, पण यात आश्चर्य काही नाही.

पुढे १६०० च्या सुमारास गॅलिलिओने हा विषय शिकवताना यंत्रे निसर्गाला फसवतात ही कारागिरांची समजूत खोडून काढली. यंत्राने मोठे ओझे लहान बलाने हलते ते एकदम हलत नाही. तेच बल वस्तूचे तुकडे करून एकेक तुकडा वाहून नेत असते तर जेवढ्या फेऱ्या झाल्या असत्या, तेवढेच अंतर त्याला चालावे लागते. यंत्राचा उपयोग असा, की ज्या वस्तूचे तुकडे करता येत नाहीत तीही तुकड्यातुकड्याने नेता येते. आडवी_फळी, तुमच्या भाचीला हे सांगून पाहा. पेटीतली अवजारे एकेक करून वर नेली असती तर कोणालाच यंत्र लागले नसते.

आडवी_फळी

सर्वांचे आभार. अवजारे एकेक करून नेता आली असती, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते, ही कबुली इथे देऊन टाकतो.

काल तेवढ्याच वजनाची दुसरी पेटी चढवायची होती, आणि या वेळी भाचीने सूत्रे हाती घेतली. फळी तीच, पेटीखाली तीन नळ्या, पुढे दोर आणि दोरात ५० किलोपर्यंतचा ताणकाटा. मी एकट्यानेच वरून ओढले. काटा २८ ते ३० च्या दरम्यान राहिला. नळी बदलताना मात्र तो ३५ पर्यंत उडी मारत होता. घासत नेण्याचा ५४ चा आकडा मोजलेला नव्हता, काढलेला होता, म्हणून नळ्या काढून फळीच्या खालच्या टोकाला एकदा नुसते घासूनही पाहिले. काटा शेवटच्या खुणेला टेकला तरी पेटी जागची हलली नाही.

अर्ध्या फळीवर पोहोचल्यावर मी मुद्दाम दोर सैल केला. मागच्या वेळी याच जागी पेटी सोडून आम्ही पाणी प्यायला गेलो होतो. या वेळी ती ताबडतोब मागे निघाली. भाची बाजूला पाचर घेऊन तयारच होती, तिने ती मागच्या नळीखाली सरकवली आणि पेटी थबकली. वर नेऊन ठेवल्यावर तिने ती पाचर हातात उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "मामा, हीसुद्धा एक छोटी उतरणच आहे ना? मग फळीवर पेटी सरकते, तशी पाचर पेटीखाली सरकते, एवढाच फरक ना?"

हेरॉनच्या यादीत पाचर होती आणि उतरण नव्हती, त्याचा याच्याशी काही संबंध असावा का?